घरचा आहेर

एखादी मालिका वीस वर्षे चालते, तेव्हा तिच्या प्रेक्षकाचे वयही वीस वर्षांनी वाढलेले असते. मालिका लिहिणाऱ्यांना या साध्या गणिताचा अनेकदा विसर पडतो. 'सीआयडी' ही हिंदी मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि दीड हजारांहून अधिक भागांनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली. पहिले भाग शाळेच्या गणवेशात बसून पाहणारी मुले शेवटच्या भागापर्यंत नोकरीधंद्याला लागली होती. काहींच्या मांडीवर त्यांची स्वतःची मुले होती. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा हे सारे जुने प्रेक्षक उत्सुकतेने पडद्यासमोर येऊन बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला नावे ठेवू लागले.

बाहेरून पाहणाऱ्याला यात विसंगती दिसते. जी गोष्ट आवडते तिच्यात दोष कशाला काढायचे, आणि दोषच दिसतात तर ती पाहायची कशाला, असा त्याचा प्रश्न असतो. परंतु मराठीत 'घरचा आहेर' असा एक मार्मिक शब्दप्रयोग आहे. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाला सुनावलेले खडे बोल म्हणजे घरचा आहेर. परक्याच्या टीकेला नसते इतके वजन त्याला असते, कारण सुनावणारा घर सोडून जाणारा नसतो. मालिकेच्या चाहत्यांनी एकमेकांत बोलून दाखवलेली नाराजी याच जातीची असते.

'सीआयडी'ची भाषा हिंदी असली, तरी तिचे एक मूळ मुंबई दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांत आहे. या मालिकेचे जनक बी. पी. सिंग यांनी त्यापूर्वी मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही पोलीस तपासाच्या कथांवरील मराठी मालिका दिग्दर्शित केली होती आणि तिच्यात शिवाजी साटम यांची भूमिका होती. पुढे साटम यांनीच 'सीआयडी'मधील एसीपी प्रद्युम्न घराघरांत पोहोचवला. आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजित, दयानंद शेट्टी यांचा दया, नरेंद्र गुप्ता यांचे डॉ. साळुंखे आणि दिनेश फडणीस यांचा फ्रेडरिक्स ही मंडळी प्रेक्षकांना नात्यागोत्यातल्या माणसांइतकी परिचयाची झाली. महाराष्ट्राबाहेर, इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अशा हिंदी मालिकेचा आणखी एक उपयोग असतो. भाषा, सण आणि जेवण वेगळे असलेल्या शेजाऱ्याशी सहज बोलता येईल असा तो एक सामाईक विषय असतो.

या मालिकेविषयीचे बोलणे बहुधा थट्टेने सुरू होते. दयाने लाथ मारावी आणि दरवाजा मोडावा, हे इतक्या वेळा घडले की त्याची म्हणच झाली. दरवाजाला कडी नसली तरी दया तो मोडणारच, असे चाहतेच हसत हसत सांगतात. डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेतील रंगीत द्रव्ये आणि तेथे पाहता पाहता मिळणारे निष्कर्ष यांचीही अशीच गंमत केली जाते. अनेक वर्षे एकत्र जेवणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या सवयींना हसावे, तसे हे हसणे आहे. त्यात टीका थोडी आणि जिव्हाळा अधिक.

पण याच बैठकीत कधी कधी एखादा निराळ्या स्वरात बोलतो. समजा, त्याने असे विचारले: संशयिताच्या कानाखाली एक वाजवली की तो घडाघडा गुन्हा कबूल करतो आणि भाग संपतो, हे इतकी वर्षे पाहून आपल्याला पोलिसांचे काम म्हणजे हेच, असे वाटू लागले नाही का? हा प्रश्न थट्टेचा नाही. आपल्या देशात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तशी तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. मारहाण करून कबुली काढली जाऊ नये, हाच या तरतुदीमागचा हेतू. म्हणजे मालिकेतला सर्वांत टाळ्या घेणारा क्षण हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत पोकळ क्षण ठरतो. गुन्हा कबूल झाला, मुख्य अधिकाऱ्याने फाशीची भाषा केली, की कथा संपते. वकील नाही, साक्षीदार नाही, न्यायाधीश नाही. ज्याने मालिकेचे पाच-दहा भाग पाहिले त्याला हे खटकणार नाही. ज्याने पाचशे पाहिले त्यालाच या पुनरावृत्तीचा अर्थ लागतो. आणि ज्याच्या घरी कोणाला खरोखर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली आहे, त्याला ती थप्पड पाहून टाळी वाजवणे जड जाते.

असे मत मांडणाऱ्याला बैठकीतून ठरलेले उत्तर मिळते, "आवडत नसेल तर पाहू नका." या उत्तराने संभाषण संपते, आणि ते संपावे हाच त्याचा उद्देश असतो. उत्तर देणाऱ्याच्या बाजूनेही काही म्हणणे आहे, ते नाकारता येत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री दहा वाजता न्यायशास्त्र नको असते. सत्प्रवृत्त माणसांनी दुष्टाला पकडलेले पाहून निवांत झोपायचे असते. काही टीकाकार तर खरोखर असह्य असतात. भाग सुरू असतानाच ते खुनी कोण ते सांगून मोकळे होतात आणि इतरांच्या आनंदात माती कालवतात. अशांना गप्प बसवण्याचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला असावा.

तरीही "पाहू नका" हे उत्तर चुकीचेच आहे. कारण ते मत कोणाचे आहे हे पाहत नाही. मालिका न आवडणारा माणूस ती केव्हाच सोडून गेलेला असतो. त्याला चर्चेत रस नसतो. तक्रार करणारा अजून बसला आहे, याचाच अर्थ त्याला काहीतरी हवे आहे आणि ते पूर्वी मिळाले होते हे त्याला आठवते आहे. 'सीआयडी'च्या जुन्या प्रेक्षकांना ७ नोव्हेंबर २००४ चा भाग आठवतो. एकशे अकरा मिनिटांचा तो भाग कॅमेरा एकदाही न थांबवता, एकाच सलग दृश्यात चित्रित केला होता आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. नटांनी वाक्य चुकवले असते किंवा एखादा दिवा विझला असता, तर सारे पहिल्यापासून करावे लागले असते. असे धाडस ज्या मंडळींनी केले, त्यांच्याच मालिकेत पुढे ठरावीक साच्याची कथा दिसली, तर प्रेक्षकाने हळहळू नये काय? त्याच्या हाती मोजपट्टी आहे ती मालिकेनेच दिलेली आहे. टीकेला विद्वत्तेची गरज असतेच असे नाही. चांगल्या स्मरणशक्तीची मात्र असते.

हे मत प्रेक्षकांनी एकमेकांना सांगणे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. ते ऐकण्याची दुसरी कोणतीही सोय उरलेली नाही. मालिका चालवायची की बंद करायची, हे मुख्यतः प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर ठरते. देशातील निवडक घरांत एक यंत्र बसवलेले असते. घरातले कोण संचासमोर आहे याची नोंद बटण दाबून केली जाते, आणि कोणती वाहिनी किती वेळ चालू होती हे यंत्र टिपते. या नोंदीत मालिका तल्लीन होऊन पाहणारा आणि तिच्यावर चरफडत पाहणारा यांत काडीचा फरक नसतो. सासूच्या खोलीत संच चालू आहे, सून स्वयंपाकघरातून कानाने ऐकते आहे, सासरे पेंगत आहेत. यंत्राच्या लेखी सारे सारखेच. कंटाळलेला प्रेक्षक जोवर उठून जात नाही तोवर तो समाधानी समजला जातो. त्याचे असमाधान नोंदवणारी जागा एकच, ती म्हणजे दुसऱ्या प्रेक्षकाचा कान.

पूर्वी पत्रे होती. जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा देशाला दीर्घ मालिकेची सवय नव्हती. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका पुढे दीड वर्षाच्या आतच संपली. आजच्या हिशेबाने ती अगदीच अल्पायुषी. ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ या काळात चाललेल्या 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले, हे आठवले म्हणजे फरक ध्यानात येतो. तरीही 'हम लोग'साठी आलेल्या प्रेक्षकांच्या पत्रांची संख्या सुमारे चार लाख होती. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलत आणि लोक त्यांना घरातल्या वडीलधाऱ्याप्रमाणे लिहीत.

सुरुवातीच्या काही भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले. त्यांची नाराजी कळल्यावर लेखकांनी उपदेश पातळ केला आणि माणसांची सुखदुःखे पुढे आणली. तेव्हा मालिका लोकांची झाली. येथे टीकेने मालिका वाचवली, असे म्हणता येते. परंतु त्याच मालिकेत एक विलक्षण गोष्टही घडली. भागवंती ही सारे निमूटपणे सोसणारी आई. असे सोसू नये हे दाखवण्यासाठी ती योजली होती. अनेक प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानले. अभ्यासकांनी पुढे या गोष्टीचा विचार केला, तेव्हा त्यांना त्यात लेखकाच्या हेतूला बगल देणारी प्रेक्षकाची स्वतंत्र दृष्टी दिसली. ती दृष्टी योग्य होती का, हा वेगळा प्रश्न. ज्या घरांत भागवंतीविषयी दोन मते झाली असतील, मुलीने आईला "तिने इतके का सोसावे?" असे विचारले असेल, त्या घरांत मालिका खऱ्या अर्थाने पाहिली गेली. जेथे सर्वांनी नुसत्या माना डोलावल्या, तेथे ती फक्त लागलेली होती.

प्रेक्षकांचे म्हणणे नेहमी शहाणपणाचे असते, असा मात्र समज करून घेऊ नये. येथे मागणी आणि टीका यांतला भेद पाहावा लागतो. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका जुलै २००० मध्ये सुरू झाली आणि थोड्याच काळात तिने देशभरच्या घरांचे रात्रीचे वेळापत्रक बदलले. तिचा नायक मिहीर विराणी कथेत मृत्यू पावला, तेव्हा प्रेक्षकांत मोठा हलकल्लोळ झाला. दूरध्वनी झाले, पत्रे गेली, मिहीरला परत आणा असा आग्रह धरला गेला. आणि मिहीर परत आला. तो मेलाच नव्हता, त्याची स्मृती गेली होती, असे सांगण्यात आले. प्रेक्षकांचा विजय झाला.

त्या विजयाची किंमत पुढे सर्वच मालिकांनी मोजली. मेलेला माणूस परत येऊ शकतो हे एकदा ठरल्यावर कोणत्याही पात्राच्या मृत्यूला अर्थ राहिला नाही. अपघात, स्मृतिभ्रंश, चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया, हुबेहूब दिसणारा दुसरा माणूस ही मालिका लेखनाची नित्याची हत्यारे बनली. "मिहीर आम्हाला परत हवा" ही मागणी होती. ती प्रेमापोटी आली होती, पण तिच्यात विचार नव्हता. "मिहीरच्या मृत्यूनंतर तुलसीचे काय होते ते आम्हाला पाहायचे आहे, तरुण विधवेचे या घरात कसे होते ते दाखवा," असे कोणी म्हटले असते, तर ती टीका ठरली असती आणि कदाचित एक कसदार कथा घडली असती. मागणी सोपी असते, म्हणून ती पटकन ऐकली जाते. टीका ऐकायची तर कथा नव्याने लिहावी लागते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये 'सीआयडी'वरही हीच वेळ आली. एसीपी प्रद्युम्न यांचा कथेत मृत्यू दाखवण्यात आला. वाहिनीने त्यांना आदरांजली वाहिली, त्यांच्या जागी नवा अधिकारी आला आणि चाहते खवळले. सत्तावीस वर्षांची ओळख अशी एका भागात संपावी हे कोणालाही झोंबणारच. त्यातच फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस यांचे डिसेंबर २०२३ मध्ये खरोखरच निधन झाले होते. त्यांच्या रिकाम्या जागेची खंत ताजी होती. त्याच वर्षी प्रद्युम्न मालिकेत परतले. पुन्हा एकदा मागणी मान्य झाली. या सर्व गदारोळात काही थोड्या चाहत्यांचा आक्षेप वेगळा होता आणि तो अधिक ऐकण्याजोगा होता. प्रद्युम्न मेले याचे त्यांना दुःख होतेच; परंतु त्यांचा खरा राग होता तो ज्या घाईने हे उरकले गेले त्यावर. सत्तावीस वर्षे इतरांच्या मृत्यूचा तपास करणाऱ्या माणसाच्या मृत्यूचा नीट तपास व्हायला नको होता का? त्याच्या हाताखाली वाढलेल्या अभिजित आणि दयाला शोक करायला दोन भाग तरी मिळायला नको होते का? हा प्रश्न "परत आणा"च्या घोषणेत बुडून गेला.

अशा प्रसंगी राग बहुधा चुकीच्या माणसावर निघतो. नवी भूमिका करणारा नट हा काही कथेचा मालक नसतो; त्याला कागद मिळतो, तो बोलतो. तरी शिव्या त्याच्याच वाट्याला येतात. मराठी चित्रपटात निळू फुले यांनी खलनायक इतक्या ताकदीने रंगवला की खेड्यापाड्यांतल्या स्त्रिया त्यांना प्रत्यक्षातही दुष्ट समजत. ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावती होती, असे आपण कौतुकाने सांगतो. त्या भोळ्या समजुतीत निदान दुष्ट हेतू नव्हता. आज मात्र नट आणि पात्र वेगळे असतात हे पक्के ठाऊक असूनही नटाच्या रूपाविषयी, घराविषयी, लग्नाविषयी वाटेल ते बोलले जाते, आणि त्याला मालिकेविषयीचे मत म्हणतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, याला मत म्हणत नाहीत.

मत कसे असावे, याचे नियम सांगण्यात फारसा अर्थ नाही. पण एका उदाहरणाने फरक कळेल. "हल्ली मालिका अगदी फालतू झाली आहे," हे वाक्य ऐकणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. तो फार तर मान हलवील किंवा भांडेल. "पूर्वी तपास करताना अधिकारी चुकत, त्यांचा संशय निर्दोष माणसावर जाई आणि त्यांना ओशाळे व्हावे लागे, आता ते कधी चुकतच नाहीत, म्हणून उत्कंठा वाटत नाही," हे वाक्य ऐकणारा थांबून विचार करतो. त्याला पटले नाही तर तो एखादा अलीकडचा भाग पुरावा म्हणून पुढे करील. दोघेही त्या भागाकडे पुन्हा नव्याने पाहतील. कोण जिंकले याला येथे महत्त्व नसते. शालान्त परीक्षेत एखाद्या पाठाविषयी 'तुमचे मत सकारण लिहा' असा प्रश्न येतो, तेव्हा अनेक प्रौढ विद्यार्थी गोंधळून जातात; आपल्याला मत देता येत नाही असे त्यांना वाटते. वास्तविक तेच विद्यार्थी आदल्या रात्रीच्या भागाविषयी शेजाऱ्याशी बोलताना भराभर कारणे देत असतात.

या बोलण्याला समाजात मान नाही, ही गोष्ट खरी. त्यातही ते बोलणे स्त्रियांचे असेल तर अधिकच नाही. पुरुष पानाच्या दुकानाशी उभे राहून भारतीय संघात कोणत्या गोलंदाजाला घ्यायला हवे होते यावर तासभर वाद घालतात. त्याला क्रिकेटची जाण म्हणतात. स्त्रिया दळणाच्या गिरणीत उभ्या राहून एखाद्या मालिकेतील सुनेने घर सोडायला हवे होते की नाही यावर बोलतात. त्याला बायकांच्या गप्पा म्हणतात. वास्तविक दुसऱ्या वादात माणसाच्या वागण्याचा, न्यायाचा आणि पैशाचा प्रश्न असतो, आणि बोलणाऱ्या बाईचे स्वतःचे आयुष्य त्या प्रश्नाच्या अगदी जवळ असते. सुनेने घर सोडायला हवे होते असे ठामपणे म्हणणारी बाई फक्त मालिकेविषयी बोलत असते असे नाही. तिच्याशेजारी पिठाचा डबा घेऊन उभी असलेली दुसरी बाई हे ओळखते. म्हणून ती वाद घालताना आवाज जपून वापरते.

दळण होते, दोघी आपापल्या घरी जातात. रात्री मालिका पुन्हा लागते. 'सीआयडी' पाहणाऱ्या घरांत दया दरवाजाकडे वळतो, धाकटी मुले टाळ्या वाजवतात आणि थोरल्या पिढीतले कोणीतरी पुटपुटते, "आधी कडी तरी वाजवून पाहा." सारे हसतात. मग संशयिताला थप्पड बसते, आणि या वेळी हसावे की नाही याविषयी घरात एकमत होत नाही.